चुलते 'जवळचे' की लांबचे?

परवा संध्याकाळी साडेसातच्या कॉलवर (जर्मनीत दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे दहा) आम्ही पाऊण तास एकाच ओळीवर अडलो होतो. घरात कुणी वारलं तर रजा किती आणि कोणासाठी? आमच्या कंपनीला सगळ्या देशांत एकच पॉलिसी हवी आहे. मसुद्यात तीन दिवस होते आणि नाती पाच: आई, वडील, जोडीदार, मूल, भावंडं.

बाळंतपणाच्या रजेचं सोपं गेलं होतं. आपल्याकडे 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी. अमेरिकेत केंद्राच्या 1993च्या कायद्यानं 12 आठवडे, तेही बिनपगारी. या रजेसाठी आम्ही जगभरात किमान 16 आठवडे पगारी ठरवले, कायदा जिथे जास्त देतो तिथे कायदा. देशागणिक फरक 'कंट्री अडेंडम'मध्ये, म्हणजे त्या त्या देशाच्या पुरवणीत. माझं निम्मं आयुष्य या अडेंडममध्ये गेलंय.

पण सुतक कुठल्या कायद्यात बसवायचं?

मी त्यांना ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातला किस्सा सांगितला. एका मुलाचे चुलते गेले. त्यांना मूलबाळ नाही, अग्नी यानंच दिला. सिस्टीममध्ये 'चुलते' नाहीत, म्हणून त्यानं 'व्हायरल फीव्हर' लिहून सिक लीव्ह टाकली. तेराव्यानंतर आला तो डोकं भादरून. ताप मीच मंजूर केला होता.

न्यू जर्सीवाली हसली नाही. म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळी मीही डेंटिस्ट लिहिलं होतं."

मग यादीच काढून टाकली. पाच दिवस, नातं ज्याचं त्यानं ठरवायचं. तेराव्यापर्यंतचे दिवस आमच्या अडेंडममध्ये, साठलेल्या रजेतून, कारण न विचारता. सगळे खूश, फक्त जर्मनीचा सहकारी सोडून. त्याला हे आधी तिथल्या कर्मचारी परिषदेपुढे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींपुढे, न्यायचंय. 1972च्या कायद्यानं त्यांच्याकडे अशा कितीतरी गोष्टींत परिषदेचं मत लागतंच. त्याच्या रकान्यात तारीख कोरी आहे. आधी चिडले, मग वाटलं, आपल्याकडे कुणी विचारलं असतं तर तो ताप आला नसता.

आज ठाण्याला गाडी बदलताना फोनवर नवा फॉर्म उघडून पाहिला. पॉलिसी बदललीय. ड्रॉपडाउनमध्ये अजून तीच पाच नाती. आयटीला तिकीट टाकलंय.