रिकाम्या गाडीचं वजन

आपल्याकडे रिकामी गाडी काट्यावर चढते ती फक्त वजा होण्यासाठी. कापसाने भरलेली गाडी जिनिंगच्या काट्यावर येते, माल उतरवून तीच पुन्हा येते, आणि दोन आकड्यांतला फरक काटापट्टीवर लिहिला जातो. गाडी स्वतः किती भरली याच्याशी ना शेतकऱ्याला घेणं ना जिनिंगवाल्याला. अपवाद शंकरपटाचा, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा. तिथे मालाची बंडी कुणी आणत नाही, हलकी छकडीच लागते, कारण घड्याळ सेकंदाचेही तुकडे पाडत असतं. मोटारींच्या शर्यतीत तर सगळा कारभारच या रिकाम्या वजनावर चालतो.

2025 च्या नियमाप्रमाणे फॉर्म्युला वनची गाडी किमान 800 किलो भरावी लागे. सरळ आठ क्विंटल. त्यात ड्रायव्हर धरलेला, पेट्रोल नाही. टीव्हीवर ही गाडी कागदाची वाटते, पण आपली जुनी मारुती 800 रिकामी साडेसहाशे किलोच्या आसपास भरायची. 2008 मध्ये हीच मर्यादा 605 किलो होती. मधल्या काळात जवळपास दोन क्विंटल चढले, ते एका जागी नाहीत, गाडीभर पसरलेत. तेव्हाचं आठ सिलिंडरचं इंजिन किमान 95 किलोचं असे. 2014 मध्ये सहा सिलिंडर, टर्बो, दोन इलेक्ट्रिक मोटरी आणि बॅटरी आली, आणि 2022 ते 2025 मध्ये हे सगळं मिळून किमान 151 किलो असे. 2022 मध्येच चाकं तेरा इंचांवरून अठरा इंचांवर गेली, ते वजन वेगळं. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं टायटॅनियमचं कडं, म्हणजे हॅलो, 2018 मध्ये आलं. ते एकटंच सात किलोचं, शिवाय ते पेलायला खालची बॉडी मजबूत करावी लागली. 2020 च्या बहारीनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली आणि माणूस चालत बाहेर आला. त्यानंतर त्या सात किलोंबद्दलची कुरकुर बंद झाली.

स्टिअरिंग व्हील जेमतेम सव्वा-दीड किलोचं, हेल्मेटही त्याच घरातलं. ड्रायव्हर मात्र सीटसकट 82 किलोचा धरतात. किडकिडीत असेल तर फरकाचं वजन कॉकपिटमध्येच ठेवावं लागतं. 2019 च्या आधी हा नियम नव्हता, तेव्हा उंच ड्रायव्हर पोटाला चिमटे काढत.

नियमापेक्षा गाडी हलकी बांधता आली, तर उरलेलं वजन मुद्दाम घालायचं, पण आपल्याला हवं तिथे. त्यासाठी टंगस्टन वापरतात. शिशाची घनता 11.3, टंगस्टनची 19.3, म्हणून दहा किलोचा ठोकळा अर्ध्या लिटरच्या जागेत बसतो. तो गाडीच्या तळाशी अगदी जमिनीलगत लावला की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी झुकते. हॅलो मुळात वर बसलेला, म्हणून त्याचे सात किलो तळातल्या सातांपेक्षा जास्त महाग पडतात. चाकाचा हिशेब आणखी निराळा. टायरच्या घेरात असलेला एक किलो पुढेही जातो आणि गरगर फिरतोही, त्यामुळे वेग घेताना तो जवळपास दोन किलोंचं ओझं घालतो. पेट्रोलचं वजन निदान उतरत जातं. 2025 पर्यंत शर्यतीला कमाल 110 किलोची मुभा होती, आणि ढोबळ हिशेबाने दर दहा किलोंमागे फेरीला तीन दशांश सेकंद जातात.

काटा आला की लबाडी आलीच. कापसावर पाणी मारून वजन वाढवायची युक्ती आपल्याला सांगायला नको. म्हणूनच सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आधी ओलावा बघते, आठ टक्क्यांच्या वर भाव कापते आणि बारा टक्क्यांच्या वर माल परत पाठवते. फॉर्म्युला वनवाल्यांनी हीच युक्ती उलटी फिरवली. 1982 च्या सुमाराला शर्यत संपल्यावर, वजनाआधी, गाडीतलं थंड ठेवायचं पाणी भरून घ्यायची परवानगी होती. काही संघांनी ‘ब्रेक थंड करायला’ म्हणून पाण्याच्या टाक्या बसवल्या. सुरुवातीलाच पाणी सांडून टाकायचं, हलकी गाडी पळवायची, शेवटी टाक्या भरून काट्यावर उभं राहायचं. 1982 च्या ब्राझील शर्यतीत पहिला आलेला पिके आणि दुसरा आलेला रॉसबर्ग, दोघेही याच कारणाने बाद झाले. 1984 मध्ये टिरेल संघाच्या पाण्यात शिशाचे छर्रे सापडले आणि त्यांचा पूर्ण हंगाम रद्द झाला. 2024 ला बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल जिंकला, पेट्रोल काढल्यावर गाडी 796.5 किलो भरली, तेव्हाची मर्यादा 798. दीड किलोसाठी पहिला नंबर गेला. त्याने एकाच टायरबदलात शर्यत काढली होती, आणि झिजलेल्या रबरालाही वजन असतंच. एरवी ड्रायव्हर शेवटच्या सावकाश फेरीत रस्त्याकडेला पडलेले रबराचे तुकडे टायरला मुद्दाम चिकटवून आणतात. बेल्जियमला ट्रॅक इतका लांब की ती फेरी होतच नाही.

हे झालं कोट्यवधींच्या गाड्यांचं. इकडे इंजिनिअरिंगची पोरं कोइमतूरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाडी बांधतात, ती असते दोनशे ते अडीचशे किलोंची. 25 मिलिमीटर जाड, अडीच मिलिमीटर भिंतीचा स्टीलचा पाइप मीटरला 1.4 किलो भरतो, तेव्हा पाइप आधी कागदावर मोजावा आणि मगच कापावा. आठ मिलिमीटरचा चाळीस लांबीचा बोल्ट नट-वॉशरसकट पंचवीस-तीस ग्रॅमचा. असे दोनशे लागले की पाच-सहा किलो झाले. आणि पोरं भोकं पाडत बसतात ब्रेकच्या पेडलला! सर्वांत जास्त ताकद लागते तिथलंच लोखंड काढायचं, हा निव्वळ हौसेचा प्रकार. त्यापेक्षा शिसं-आम्लाची बॅटरी काढून लिथियमची बसवली तर दीड-दोन किलो एका झटक्यात जातात. रंगाचंही तसंच. पातळ पावडर कोटिंग पूर्ण फ्रेमला पाव किलोत होतं, ब्रशने दोन-तीन हात ऑइलपेंट मारला की त्याहून जास्त.

चारही चाकांवर वजन कसं पडतं हे बघायचे महागडे काटे मिळतात, पण खेड्यात तूर-सोयाबीन घेणाऱ्या अडत्याकडचे दीडशे किलोचे चार इलेक्ट्रॉनिक काटेही चालतात. आधी एकच वीस किलोचं माप चारही काट्यांवर ठेवून बघा. एखादा दोनशे ग्रॅम खोटं बोलतोच. काट्यांच्या उंचीत फरक असेल तर खाली प्लायवूडचे तुकडे सरकवून पाणसळ लावा. एक काटा पाच मिलिमीटर वर राहिला तरी सगळे आकडे फसवे येतात. टायरची हवा सारखी, टाकीत शर्यतीएवढं पेट्रोल, सीटवर ड्रायव्हर, अँटिरोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारा दांडा, सुटा. गाडी चढवल्यावर दोन-चारदा दाबून सोडा, नाहीतर सस्पेन्शन अडकून राहतं.

समजा आकडे आले: पुढे डावीकडे 74, उजवीकडे 69, मागे डावीकडे 81, उजवीकडे 86. डावी बाजू 155, उजवी 155, पोरं खूश. पण तिरके आकडे जुळवा: 74 आणि 86 मिळून 160, दुसरी जोडी 150. अशी गाडी एका बाजूला छान वळेल, दुसऱ्या बाजूला रुसेल, आणि जोरात ब्रेक दाबला की पुढचं उजवं चाक आधी घसटेल. पुढची उजवी आणि मागची डावी स्प्रिंग थोडी घट्ट करा, उरलेल्या दोन तेवढ्याच सैल. नटाचा अर्धा-अर्धा आटा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. एकाच कोपऱ्यावर सगळा आटा फिरवला तर वजन जुळेल, पण गाडी तिरपी उभी राहील. शेवटी पुढची चाकं 71.5 आणि मागची 83.5 वर आली की थांबा. एकूण 310 किलोंत याने एक ग्रॅमही कमी होत नाही, पुढच्या-मागच्या वाटणीतही फरक पडत नाही. स्प्रिंग हलल्या म्हणजे चाकांचा ‘टो’ (चाकं समोर किती आत-बाहेर वळलीत तो कोन) पण हलला असणार, तेव्हा काटे परत करायच्या आधी तोही दोरी लावून मोजून घ्यावा.