टाकीतली मालकीण

आज घरच्या समुद्री माशांच्या टाकीत फायरफिश सोडला. पुढून पांढरा, शेपटीकडे लालसर, डोक्यावर लांब तुरा. बराच वेळ दगडाआडून बाहेरच येईना, कारण आमच्या क्लाउनफिशच्या जोडीतली मादी. दिसायला गोड, स्वभावाने खाष्ट! अ‍ॅनिमोनी हा क्लाउनफिशना समुद्रात आसरा देणारा जीव आमच्याकडे नाही (घरच्या टाकीत त्यावाचून अडतही नाही), म्हणून तिने हॅमर कोरल या प्रवाळालाच घर मानलंय. जवळ कुणी फिरकलं की अंगावर धावते. काच पुसताना माझ्या हातालाही चावते.

आईने विचारलं, "यातला नवरा कुठला रे?"

लहान तो. क्लाउनफिश आधी सगळे नरच असतात. जोडीतला वरचढ मासा मादी होतो. ती गेली तर मागे राहिलेल्या नराचीच मादी होते. आई म्हणाली, "म्हणजे घर कायम बाईच्याच नावावर. बरंय."

अशा मालकिणीबरोबर शांत सोबतीच हवेत. फायरफिश, रॉयल ग्रामा, क्लीनर कोळंबी चालतात. डॅमसेल मासे मात्र नको. स्वस्त आणि काटक म्हणून दुकानदार गळ्यात मारतात, पण मोठे झाले की तेच दादागिरी करतात. लायनफिश तर क्लाउनलाच गिळेल.

फायरफिश घाबरला की थेट टाकीबाहेर उडी मारतो, म्हणून वर जाळी आधीच बसवली होती. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) 1.025, तापमान 26 अंश, सगळं जागेवर. संध्याकाळी आर्टेमिया (माशांचा खाऊ, बारीक कोळंबीसारखे जीव) टाकल्यावर पठ्ठ्या बाहेर आला, दोन घास खाल्ले. मालकिणीने एकदाच हुसकावलं.

मुलगी आत्तापासून रॉयल ग्रामाच्या मागे लागलीय. आधी हा नीट रुळू दे, मग बघू.