बसलेला मोर्चा

परवा दुपारी पूनम गेटपाशी रिक्षा अडली. पुढं लोखंडी बॅरिकेडांची रांग, त्यावर कुठल्याशा चादरीच्या दुकानाची जाहिरात. "काकू, इथनं चालत जावा," रिक्षावाला म्हणाला. सोलापूरचं ऊन. गप उतरले. पलीकडं विडी कामगार बायकांचा मोर्चा बसला होता.

'मोर्चा बसला' ऐकलं की पूर्वी मी फिस्सकन हसायची. मोर्चा चालतो, बसतं ते धरणं, असा माझा हट्ट. मग कधीतरी कळलं की मोर्चा मुळात बसलेलाच. शब्द फारसीतला, मोरचाल. किल्ल्याला वेढा घातला की तोफांसाठी माती उपसून आडोसा करायचे, तो मोर्चा. म्हणून तर 'मोर्चेबांधणी'. चालणारी गोष्ट कोण बांधतं? फारसीत मूर म्हणजे मुंगी, चाल म्हणजे खड्डा. आपला भुईकोट बघताना मला हटकून ते आठवतं. एवढे बुरूज, एवढा खंदक, आणि बाहेर माती उकरत बसलेल्या मुंग्या.

बॅरिकेडची गंमत याहून भारी. फ्रेंचमध्ये बारिक म्हणजे लाकडी पिंप. 1588 च्या मे महिन्यात पॅरिसच्या लोकांनी पिंपांत माती-दगड भरून रस्ते अडवले, तिसऱ्या हेन्री राजाच्या फौजेला रोखायला. म्हणजे बॅरिकेड लोकांचं, अडणारी फौज राजाची! आता पोलीस बॅरिकेड लावतात आणि लोक मोर्चा काढतात. शब्दांनी कधी जागा बदलल्या, कुणाला पत्ता नाही.

पिंपाचं म्हणाल तर, ते सोलापूरकराला काय सांगायचं! पाणी तीन-चार दिवसांआड, त्यामुळं दारोदारी पिंपं. एका रंगपंचमीला पलीकडच्या गल्लीतली पोरं येणार म्हणून आम्ही नाकाबंदी करायचं ठरवलं. आमच्या दारातलं पिंप बोळाच्या तोंडाशी आडवं टाकायचं. पण ते काठोकाठ भरलेलं, पाचजणांना हलेना. मग सगळ्यात शहाण्यानं (मीच ती) सुचवलं, ओता. ओतलं. पिंप मस्त गडगडत गेलं. त्यामागं बसून आम्ही तासभर पिचकाऱ्या मारल्या. किल्ला अभेद्य राहिला.

नळ परवा येणार होता. आजीनं आधी रिकामं पिंप बघितलं, मग आमची रंगलेली तोंडं. मारलं नाही. घागर काखेत घेतली आणि निघाली. चार घरं फिरून एक घागर मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती पण विड्याच वळायची.

तर परवा. मोर्चातल्या बायका बॅरिकेडला पाठ टेकून, पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या. कुणी त्यालाच पिशवी अडकवलेली. एकीनं कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर शेजारणीला दिली. पलीकडून एक हवालदार त्याच बॅरिकेडला रेलून मोबाईल बघत होता. मी आपली शब्दांच्या नादात, मोरचाल, बारिक, करत वळसा घालून पुढं गेले.

घरी येऊन पाणी प्याले तेव्हा लक्षात आलं. त्या बायकांची मागणी काय होती, ते विचारायचंच राहिलं.