आमची वाटचाल: रिबोरिंगच्या शेडपासून ड्रॅगच्या इंजिनापर्यंत

बाबांनी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत शेड घेतली ती ट्रक आणि ट्रॅक्टरच्या भरवशावर. ब्लॉक बोअर करणं, स्लिव्ह बसवणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचं फेसिंग, ही आमची कामं. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या आणि पेरणीआधी काटोल-सावनेरकडून येणारे ट्रॅक्टर, एवढ्यावर वर्कशॉप उभं राहिलं. आजही शेडचं भाडं आणि कामगारांचा पगार त्याच कामातून निघतो, आणि मला त्याचा अभिमान आहे. मोजमाप आम्ही तिथेच शिकलो. बोअर मिलिमीटरच्या दोन शतांशांनी मोठा गेला तर बाबा तो ब्लॉक गिऱ्हाइकाला देत नसत.

ड्रॅगचं, म्हणजे सरळ पट्टीवर थोड्या अंतराच्या शर्यतीचं काम माझ्या पिढीत आलं. मी डिप्लोमा करून शेडमध्ये बसायला लागलो तेव्हा शहरातली काही पोरं हेड पोर्ट करून, म्हणजे हवेचे मार्ग मोठे करून घ्यायला यायची. रस्त्यावर रेस लावणाऱ्यांना आम्ही तेव्हाही परत पाठवत होतो, आजही पाठवतो. मोटार वाहन कायद्याच्या 189 कलमाखाली तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी वर्धा रोडवर संध्याकाळी घरी निघालेल्या माणसाचा जीव आमच्या इंजिनामुळे धोक्यात यावा हे आम्हाला चाललं नसतं. आम्ही इंजिन बांधतो ते बंद पट्टीवर, लायसन्स काढून, हेल्मेट घालून 402 मीटर पळणाऱ्यांसाठी. भारतात ही शर्यत एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या नियमांखाली होते, आणि लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर विदर्भातल्या मुलांनाही आपली गाडी पळवून बघता येते.

त्यातलं आमचं पहिलं मोठं काम म्हणजे अमरावतीच्या एका मुलाची मारुती एस्टीम. एमपीएफआयवालं, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं 1,298 सीसीचं इंजिन, 16 व्हॉल्व्ह, वर एकच कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा. बोअर 74 मिलिमीटर, स्ट्रोक 75.5. मुलगा आला आणि म्हणाला, “दादा, सगळ्यात मोठा कॅम लावून द्या न, 300 च्या वरचा.” 300 म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो तो आकडा. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि गिअरबॉक्सचे रेशो विचारले. त्याला ते अपेक्षित नव्हतं.

ड्रॅगचा आमचा सगळा धंदा पुढे या एका प्रश्नावर वाढला, म्हणून तो नीट सांगतो. त्या गाडीचा पहिला गिअर साधारण 3.42, दुसरा 1.89, तिसरा 1.28. आठ हजार आरपीएमवर पहिल्यातून दुसरा टाकला की इंजिन 4,400 च्या आसपास येऊन पडतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की 5,400. स्टार्टला ड्रायव्हर क्लच सोडताना आरपीएम वर धरू शकतो, पण दुसरा गिअर पडल्यावर आकडा कुठे येणार हे गिअरच ठरवतात, तिथे ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. म्हणजे या इंजिनाला 4,500 पासून 8,000 पर्यंत ओढायला हवं. 300 च्या वरचा कॅम सहा हजारांच्या वर जागा होतो. दुसरा गिअर टाकल्यावर गाडी धापा टाकत राहणार, आणि ड्रॅगमध्ये त्या वेळात शेजारच्या लेनमधली गाडी निघून जाते. मोठा कॅम हवाच असेल तर आधी जवळजवळचे गिअर बसवा, मग बोलू, असं मी त्याला सांगितलं. त्या गिअरसेटचा खर्च ऐकून तो गप्प झाला आणि आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

ठरला तो 280 अंशांचा कॅम, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही सारखे, लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या शिखरांमधलं अंतर 110 अंश. अशा कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, 60 अंश येतो. पुढे-मागे न सरकवता सरळ बसवला तर इनटेक पिस्टन खालून वर निघाल्यावर 70 अंशांनी बंद होतो. ड्रॅगचा कॅम निवडताना मी सगळ्यात आधी हा शेवटचा आकडा बघतो. बंद व्हायला उशीर झाला की जास्त आरपीएमवर आत धावणाऱ्या हवेचा वेग सिलिंडर आणखी भरतो, पण कमी आरपीएमवर तीच हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. मूळ कॅमचा इनटेक 50 अंशांवर बंद होतो असं धरलं, तर या इंजिनाच्या मापांनी 9.5 च्या कम्प्रेशनमधलं, म्हणजे हवा साडेनऊ पट दाबण्यातलं, खरोखर दाबलं जाणारं साधारण 8.4 येतं. तोच इनटेक 70 वर नेला की ते 7.3 होतं. गेलेलं परत मिळवायचं तर कम्प्रेशन 11 करावं लागतं. म्हणून नुसता कॅम बदलून द्या म्हणणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. कॅम, पिस्टन आणि पेट्रोल एकाच बिलात यायला हवेत. त्या वेळी चांगलं पेट्रोल मिळवणं ही डोकेदुखी होती. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं एक्सपी100 डिसेंबर 2020 मध्ये मुंबई-पुण्याच्या पंपांवर आलं, तेव्हा पट्टीवर भरायची तरी सोय झाली.

कॅटलॉगमधल्या आकड्यांबद्दल गिऱ्हाइकांना एक गोष्ट मी नेहमी सांगतो. एक कंपनी व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून अंश मोजते, दुसरी 1 मिलिमीटर उचलल्यावर, अमेरिकन कंपन्या 50 थाउवर (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे 1.27 मिलिमीटरवर. त्यामुळे एका कागदावरचे 280 आणि दुसऱ्यावरचे 240 यांत प्रत्यक्षात काहीच फरक नसू शकतो. आमच्याकडे आलेला प्रत्येक कॅम आम्ही व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल गेज लावून स्वतः मोजतो. कार्डावरचं माप आम्ही धरत नाही.

एकच कॅम असलेल्या इंजिनात लोबमधलं अंतर ग्राइंड करतानाच पक्कं होतं. ॲडजस्टेबल पुलीने दोन्ही लोब एकत्र पुढे-मागे होतात, वेगळे होत नाहीत. दोन कॅमच्या इंजिनात नंतर हलवून बघता येतं, इथे ती मुभा नाही, म्हणून पहिलंच गणित काटेकोर लागतं. ग्राइंडिंगला आम्ही जुनं कॉपी मशीन घेऊन दुरुस्त केलं. जुना कॅम रिग्राइंड करायचा म्हणजे मागचा गोल भाग लहान करायचा, की लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलला जाण्याची उंची वाढते. पण रॉकरचा कोन बिघडतो, आणि लोबच्या वरचा कडक थर किती उरला हेही बघावं लागतं. थोडी वाढ असेल तर रिग्राइंड चालतो, जास्त असेल तर नवीन ब्लँकच, म्हणजे अजून न घासलेला कॅम घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

इंजिन बांधताना आम्ही पिस्टन स्टॉप लावून पिस्टनची खरी सगळ्यात वरची जागा शोधतो, अंश मोजायचं डिग्री व्हील बसवतो, आणि कॅम 4 अंश पुढे घेतो, म्हणजे इनटेक 66 वर बंद होतो आणि गिअर टाकल्यानंतरचा खालचा ओढा सुधारतो. मग पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले ठेवून, हेड कसून, हाताने क्रँक फिरवतो. हेड काढून ती क्ले कापली की व्हॉल्व्ह पिस्टनच्या किती जवळ येतो ते दिसतं. इनटेकला 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटर अंतर मिळाल्याशिवाय आमच्याकडून इंजिन बाहेर जात नाही. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि जास्त आरपीएमवर स्प्रिंग जरा कमी पडली तर पिस्टनच त्याला गाठतो. स्प्रिंगही कॅमबरोबरच बदलायची, आणि पूर्ण लिफ्टला तिचे वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना हे बघायचं.

एस्टीम उभी राहिली. आयडलला ती हलत होती, कारण ओव्हरलॅपमुळे मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो आणि तिथला दाब मोजणारा मॅप सेन्सर गोंधळतो. त्यासाठी वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर लावून त्यात पेट्रोल-स्पार्कचा तक्ता लिहिला. नागपूरच्या उन्हाचा हिशोबही इथेच येतो. मे महिन्यात 45 अंशांत हवा डिसेंबरच्या पहाटेच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. उन्हाळ्यात केलेल्या ट्यूनिंगला थंड हवेत पेट्रोल कमी पडू नये म्हणून आम्ही पट्टीवर जायच्या आधी पहाटे पुन्हा मिश्रण तपासतो. दुसरा गिअर पडल्यावर ती गाडी थांबली नाही, तशीच ओढत गेली. त्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा बाबा माझ्या शेजारीच उभे होते, आणि त्यांनी दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं.

त्यानंतर काम वाढत गेलं. पल्सर, ड्यूक, आता रॉयल एनफिल्डची 648 सीसीची 650 ट्विन. बाइकला वजन कमी आणि सहा गिअर जवळजवळ, त्यामुळे तिला एस्टीमपेक्षा धीट कॅम देता येतो. आरएक्स100 घेऊन येणाऱ्यांना मात्र सिलिंडरचे पोर्टच दाखवावे लागतात, टू-स्ट्रोकमध्ये कॅम नसतोच. समृद्धी महामार्गामुळे ट्रेलरवर गाडी टाकून पश्चिम महाराष्ट्रात नेणं सोपं झालं आणि नाशिककडची कामंही यायला लागली.

आता काम घेताना आम्ही एक कागद भरून घेतो. ड्रायव्हरसकट गाडीचं वजन, टायरचा घेर, सगळे गिअर आणि फायनल, कम्प्रेशन, पेट्रोल, हेडचा फ्लो, एक्झॉस्टच्या पाइपची लांबी. कॅमचा रकाना त्या कागदावर सगळ्यात खाली आहे आणि तो आम्ही भरतो. सध्या शेडमध्ये एक टर्बोचं इंजिन उघडून ठेवलं आहे. टर्बोमुळे एक्झॉस्टमध्ये दाब साचतो, ओव्हरलॅप जास्त ठेवला तर जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो, म्हणून त्याला लोबमधलं अंतर 114 अंश धरलं आहे. पुढच्या आठवड्यात ब्लँक येईल, मग ग्राइंडिंगला घेऊ.