रात्रीची केस

साडेपाच वर्षांचा कोर्स संपवून, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप करून नुकतीच बीव्हीएस्सी, म्हणजे जनावरांची डॉक्टर, झालेली एक मुलगी गेल्या आषाढात माझ्याकडे कामाला आली. उदगीरजवळच्या गावांतून मी २२ वर्षं जनावरं तपासत फिरतो. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सर, सुट्टी कोणत्या वारी? आणि रात्रीच्या केसचे पैसे वेगळे मिळतील का?"

मला ते लागलं. माझ्या गुरूंकडे मी दोन वर्षं फक्त जेवणावर राबलो होतो. पैशाचा शब्द काढला नव्हता आणि त्यालाच निष्ठा म्हणत आलो.

चौथ्या रात्री देवणी तालुक्यातल्या एका वाडीवरून फोन आला. देवणी जातीची पहिलारू कालवड अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. त्या मुलीला फोन केला तर पहिल्या रिंगला उचलला.

गोठ्यात चिखल होता. शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं, पण कालवड अरुंद, माझा हात पुढं जाईना. मालक म्हणाला, "पोरगी हात घालील व्हय, साहेब?" तिनं माझा ढगळ हातमोजा काढून टाकला, हाताला साबण लावला आणि चिखलात आडवी झाली. वासराची मान मागं वळली होती. कळ ओसरली की वासराला आत रेटायचं, जागा झाली की मान सरळ करायची. मग दुसरा पाय धरला, दोन्ही पायांना दोऱ्या बांधल्या आणि कळ येईल तसं ओढलं. दीड तास लागला. वासरू जगलं.

परत येताना ती बोलली. वडिलांची तीन एकर सोयाबीन, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज, हप्ता सुरू झालेला. वर्गातले निम्मे पुण्यात एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेत, पशुधन विकास अधिकाऱ्याच्या जागा निघायची वाट बघत. काही जण कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात लागलेत. २०२२ ला गुरांवर लम्पी हा त्वचेचा रोग आला तेव्हा शिकत असतानाच ही लसीकरणाला गावोगाव फिरली होती. हे सगळं न विचारता मी तिला चार दिवस कामचुकार समजत होतो.

फुकट राबणं म्हणजे निष्ठा नव्हे, हे मला पन्नाशीत पटलं. माझे गुरू मोठे होते, पण ती दोन वर्षं माझ्या घरच्यांनी उसनवारीवर काढली. पोरांनी पगार विचारावा, सुट्टी मागावी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: अडलेलं जनावर सकाळपर्यंत थांबत नाही, तेव्हा फोन उचलायचाच.

आता रात्रीच्या केसची निम्मी फी तिची. सोमवारी सुट्टी. त्या दिवशीचे फोन मी घेतो.

लातूरहून लांब हातमोजे मागवलेत, लहान साइजचे. माझे तिला खांद्यावरून घसरतात.