टॅबमधली खोट: चालवून घ्यायची कुठली, परत करायची कुठली

सप्टेंबर २०२१ मध्ये आयपॅड मिनीची सहावी आवृत्ती बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत तिच्या स्क्रीनचे स्लो-मोशन व्हिडिओ फिरू लागले. टॅब उभा धरून पान वर सरकवलं की मजकुराची एक कड पुढे पळते, दुसरी मागे रेंगाळते. ओळी तिरक्या होतात आणि बोट थांबलं की पुन्हा सरळ. लोकांनी त्याला नाव दिलं ‘जेली स्क्रोल’. एलसीडी स्क्रीनचं हे नेहमीचंच वागणं आहे, असं ॲपलचं म्हणणं पडलं. भारतात तेव्हा या टॅबची किंमत सुरू होत होती ४६,९०० रुपयांपासून. एवढे पैसे मोजायचे आणि वर ओळी डुलताना बघायच्या, म्हणून बऱ्याच जणांनी हात आखडता घेतला.

माझं मत आधीच सांगते. या एका कारणासाठी तो टॅब नाकारणं बहुतेकांच्या बाबतीत चूक होतं, काहींच्या बाबतीत अगदी बरोबर होतं. कोण कुठल्या गटात, हे दुकानात दोन मिनिटांत कळतं. त्यासाठी खोट येते कुठून ते आधी बघू.

एलसीडीवरचं चित्र एका दमात बदलत नाही. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ओळीमागून ओळ बदलत जातं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला ही फेरी पुरी करायला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. टॅब ज्या दिशेने धरलाय त्यात ही फेरी वरून खाली जात असेल, तर सरकणारा मजकूर केसभर ताणला किंवा दाबला जातो आणि ओळी आडव्याच राहतात. डोळ्यांना पत्ता लागत नाही. मिनीमध्ये मात्र टॅब उभा धरला की फेरी आडवी होते, एका बाजूकडून दुसरीकडे. मजकूर सरकतोय वर आणि स्क्रीन बदलतेय आडवी, म्हणून ओळ तिरकी. यंत्रं सुटी करून आतली रचना दाखवणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने टॅब उघडला तेव्हा स्क्रीन चालवणारा बोर्ड उभ्या टॅबच्या कडेला लावलेला दिसला. चौथ्या आयपॅड एअरमध्ये तो वरच्या बाजूला आहे. तोच एअर आडवा धरून बघितला तर ही लहर तिथेही पुसटशी सापडते.

आता आकडे. उभ्या मिनीची स्क्रीन साधारण ११.६ सेंटिमीटर रुंद आहे. वाचता वाचता आपण पान सावकाश सरकवतो, समजा सेकंदाला ३ सेंटिमीटर. एका फेरीत मजकूर अर्धा मिलिमीटर सरकतो, म्हणजे दोन कडांमध्ये फरक पडतो तेवढाच. जोरात झटका दिला, सेकंदाला ३० सेंटिमीटर, तर फरक ५ मिलिमीटरचा. तो ढळढळीत दिसेल, पण त्या वेगाला कोणी अक्षर वाचत नसतं. त्रास होतो तो मधल्या पट्ट्यात, सेकंदाला १०-१२ सेंटिमीटरच्या आसपास, जिथे आपण मजकूर चाळत असतो आणि मथळे टिपत असतो. तिथे फरक पावणेदोन-दोन मिलिमीटरचा असतो. दिवसभर बातम्या नाहीतर लांबलचक फाइली चाळणाऱ्याला तो खुपू शकतो. सिनेमा बघणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला, पुस्तकाचं पान टिचकी मारून उलटणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

दुकानात तपासायचं असेल तर यूट्यूबवरचे व्हिडिओ विसरा. २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ एका फेरीचे चार तुकडे करून दाखवतो, आणि कॅमेराही चित्र ओळीओळीनेच टिपत असल्यामुळे स्वतःची थोडी तिरकस त्यात मिसळतो. डोळ्यांना कधीच दिसणार नाही ते तिथे चौपट होऊन समोर येतं. त्यापेक्षा सातबाऱ्याची नाहीतर कुठल्याही रकान्यांच्या तक्त्याची पीडीएफ सोबत न्या. कडेपासून कडेपर्यंत गेलेल्या आडव्या रेघांवर तिरकस लगेच पकडता येते. तक्ता नसेल तर मोठ्या टाइपातला मराठी मजकूर चालेल, शिरोरेषा ही आयती पट्टीच आहे. टॅब उभा धरा, सावकाश, मध्यम आणि झटक्याने असं तीनदा सरकवा, मग आडवा धरून तेच करा. दोन मिनिटांत जाणवलं नाही तर घरी नेल्यावर मुद्दाम शोधत बसू नका. एकदा डोळा त्यावर बसला की बसला.

ही खोट प्रत्येक नगात आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. दुकानदाराने पीस बदलून दिला तरी दुसऱ्यात तीच लहर असणार, सर्व्हिस सेंटरमध्ये स्क्रीन बदलली तरी तेच. २०२४ मध्ये पुढची मिनी आली तेव्हा काही समीक्षकांना लहर कमी झाल्यासारखी वाटली, पण स्क्रीन ६० हर्ट्झचीच राहिली. अशा खोटीला दोनच उत्तरं आहेत, पसंत करा नाहीतर दुसरं मॉडेल बघा. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर फेरी ८.३ मिलिसेकंदात संपते, म्हणजे तिरकस निम्मीच. बदलीसाठी तीन चकरा मारणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

उलट काही खोटी फक्त त्या एका पीसमध्ये असतात, आणि तिथे मात्र अजिबात गप्प बसू नये. २०१८ च्या आयपॅड प्रोचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. ५.९ मिलिमीटर जाडीचा तो टॅब काहींना खोक्यातूनच किंचित वाकलेला मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलने जाहीर केलं की सपाटपणात ४०० मायक्रॉनपर्यंतचा (०.४ मिलिमीटर) फरक आपल्या मापात बसतो, म्हणजे चार कागदांच्या जाडीपेक्षा कमी. सर्व्हिस सेंटरवर ऐकू येणारं ‘स्पेकमध्ये बसतं’ हे वाक्य इथून येतं. ते खरं की नाही हे आपल्यालाही मोजता येतं. झेरॉक्सचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी टॅबच्या पाठीवर उभ्या कडेने ठेवा, आधी लांबीत, मग दोन्ही कर्णांवर. कॅमेऱ्याचा उंचवटा पट्टीखाली येऊ देऊ नका, नाहीतर सपाट टॅबही वाकडा ठरेल. पट्टी टोकांवर टेकून मध्ये फट राहिली तर त्या फटीत कागद घाला. पट्टी मध्येच टेकून डुलत असेल तर एक टोक टेकवा, दुसऱ्या टोकाखालची फट मोजा आणि निम्मी करा. चार कागद अडखळल्याशिवाय गेले तर वाद घालायला जागा आहे. एकच जात असेल तर सोडून द्या. मात्र तारीख टाकून फोटो काढून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. वाक वाढला असेल तर कारण टॅबच्या बॅगेत शोधा. जाडजूड वह्यांच्या मध्ये दाबून नेलेला टॅब वाकतो, नवा असो की जुना.

स्क्रीनवरच्या ठिपक्यांचंही तसंच. लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि काळं अशी पाच कोरी चित्रं फोनमध्ये ठेवा आणि टॅबवर एकेक पूर्ण स्क्रीन लावा. काळ्यावर चमकणारा ठिपका म्हणजे अडकलेला, सतत पेटून राहिलेला पिक्सेल. पांढऱ्यावरचा काळा ठिपका मेलेला असेल किंवा नुसती धूळ असेल, म्हणून आधी मऊ कापडाने पुसा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनेलला (स्क्रीनला) दर १० लाख पिक्सेलमागे कायम उजळ २ आणि कायम काळे २ पिक्सेल माफ असतात. मिनीच्या स्क्रीनवर २२६६ गुणिले १४८८, म्हणजे जवळजवळ ३४ लाख पिक्सेल आहेत. या हिशोबाने सहा उजळ ठिपके असलेला पीसही ‘मापात’ बसेल! कंपन्यांचे नियम आपापले असतात, पण बदलीच्या मुदतीत असाल तर मानकावर वाद घालण्यात अर्थ नाही. एक ठिपका मधोमध असेल तरी सरळ पीस बदलून मागा.

कडेने झिरपणाऱ्या प्रकाशाबद्दल फसगत जास्त होते. अंधाऱ्या खोलीत काळं चित्र लावून ब्राइटनेस निम्मा ठेवा आणि डोकं डावीउजवीकडे हलवा. उजेडाचा डाग डोक्याबरोबर सरकला किंवा पुसट झाला तर ती आयपीएस पॅनेलची (एलसीडीचाच एक प्रकार) नैसर्गिक चमक आहे, सगळ्या पीसमध्ये थोडीफार असते. डाग जागचा हलत नसेल तर चौकटीचा दाब मागच्या दिव्याच्या थरांवर पडतोय, ती या पीसची खोट. तिथे अंगठ्याने दाबून बरं करण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. दाबाने पांढुरका डाग कायमचा पडतो आणि मग वॉरंटीचं बोलणंच खुंटतं. फोनने काढलेला फोटोही पुरावा म्हणून जरा जपूनच वापरा, अंधारात फोन एक्स्पोजर वाढवतो आणि पणतीची मशाल करतो.

मी सगळ्यात जास्त वजन देते ते खोट वाढते का या प्रश्नाला. जेली स्क्रोल पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच तीन वर्षांनी. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ४ या टॅबचं तसं नव्हतं. स्क्रीन थोडीशी थरथरायची, यंत्र तापलं की जास्त. थंड व्हावं म्हणून काहींनी ते चक्क फ्रीझरमध्ये ठेवलं. अखेर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत असे नग बदलून द्यायचं कबूल केलं. २०१९ च्या आयपॅड एअरच्या काही नगांची स्क्रीन कायमची काळी पडू शकत होती, त्यासाठी ॲपलने मार्च २०२० मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली. एनव्हीडियाने २०१५ मध्ये ८ इंची शील्ड टॅबलेट थेट परत मागवला, कारण बॅटरी तापून आग लागण्याचा धोका होता. म्हणून थरथर, ताप, आपोआप बंद पडणं आणि फुगणं या चार गोष्टी दिसल्या तर ‘बारीकशी खोट’ हा शब्द वापरूच नये.

फुगलेली बॅटरी ओळखायला सोपी आहे. स्क्रीन एका कडेने उचललेली दिसते, फटीत नख शिरतं, त्या भागात स्पर्श चुकतो. काचेच्या टेबलावर ठेवून हलकी गिरकी दिली तर सपाट पाठीचा टॅब घासत थांबतो, फुगलेला भिंगरीसारखा फिरतो. इथेही कॅमेऱ्याचा उंचवटा काठाबाहेर ठेवा. असा टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, उघडायचा तर नाहीच.

खोट वाटते पण टॅबची नसते, असे दोन प्रकार दुकानदारांना रोज ऐकावे लागतात. पहिला म्हणजे चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप टॅप होते किंवा पेनची रेघ नागमोडी येते. चार्जर काढून तेच करून बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सातदा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात पॉइंटर लोकेशन (बोटाचा माग रेघेने दाखवणारी सोय) चालू करा आणि पट्टीच्या आधाराने एक सेंटिमीटर अंतराने तिरप्या रेघा सावकाश ओढा. चार्जर काढल्यावर रेघ सरळ आली तर दोषी चार्जर आहे. स्वस्त चार्जरचा विद्युत गोंगाट स्पर्शाच्या सेन्सरपर्यंत पोचतो. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या पाठीला हात लावला की मुंग्या येतात, त्याचंही मूळ चार्जरमध्येच. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीन मध्येच बंद होणं. फ्लिप कव्हर मागे दुमडलंय का बघा. त्यातला चुंबक टॅबच्या सेन्सरला झाकण लागल्याचा भास करून देतो.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी वेळेचं गणित वेगळं. बदलीची मुदत बऱ्याचदा सातच दिवस असते, म्हणून वरच्या सगळ्या चाचण्या पहिल्या संध्याकाळी उरका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ एका दमात घ्या, त्यात सील आणि खोक्यावरचा सिरियल नंबर दिसू द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाच्या व्याख्येत गुणवत्तेतली उणीव येते, पण ती मोजायची विक्रेत्याने केलेल्या दाव्याशी, उघड किंवा गृहीत कराराशी किंवा कायद्याने ठरवलेल्या दर्जाशी. वाकलेला पीस किंवा चमकता ठिपका तिथे टिकतो. जेली स्क्रोलसाठी भांडायला गेलात तर बाजू लंगडी पडेल, कारण ओळी डुलणार नाहीत असं खोक्यावर कोणी लिहिलेलं नाही.

तक्रार तोंडी करू नका. ईमेलमध्ये सिरियल नंबर, बिलाची तारीख, चाचणी कशी केली आणि मोजलेला आकडा लिहा: ‘कर्णावर ठेवलेल्या पट्टीखाली चार कागद सहज जातात’ या वाक्याला ‘टॅब वाकडा वाटतो’पेक्षा वेगळं उत्तर येतं. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, दाव्याला मुदत दोन वर्षांची.