जुन्या डिझेल पिकअपचा रास्त भाव

वापरलेल्या हेवी-ड्युटी डिझेल पिकअपची जाहिरात वाचताना आपली नजर आधी गाडीचे वर्ष आणि ओडोमीटरचा आकडा यांवर जाते, आणि ‘डिझेल आहे, अजून निम्मे आयुष्यही सरलेले नाही’ असे विक्रेता हमखास सांगतो. इंजिनाच्या ब्लॉकपुरते ते पुष्कळदा खरेही असते. मात्र मोठा खर्च काढतात ते इंजिनाभोवतीचे भाग, म्हणजे इंधनाचा पंप, इंजेक्टर, टर्बो आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा. त्यामुळे या भागांचे आयुष्य किती उरले आहे, यावरूनच मी भाव रास्त की अवाजवी हे ठरवतो.

याचा सर्वांत चांगला अंदाज इंजिन किती तास चालले यावरून येतो. अलीकडच्या बहुतेक पिकअपमध्ये हा आकडा डॅशबोर्डवरच पाहता येतो. समजा, दोन गाड्या प्रत्येकी १,५०,००० मैल चालल्या आहेत. एकीचे ४,००० तास झाले आहेत आणि दुसरीचे ७,५००. पहिलीचा सरासरी वेग ताशी ३७.५ मैल येतो, दुसरीचा अवघा २०. म्हणजे दुसरीचे इंजिन बराच काळ गाडी उभी असताना चालू राहिले आहे. अशा वेळी एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) यांमध्ये साचत जाते, आणि तिचा खर्च पुढच्या मालकाच्या माथी येतो. या दोन गाड्यांचा भाव सारखा असेल, तर दुसरी महाग आहे.

त्यानंतर इंजिनाची पिढी पाहावी. फोर्डच्या २००३ ते २००७ मधल्या ६.० लिटर इंजिनात हेड गॅस्केट, ऑइल कूलर आणि ईजीआर कूलर ही ठाऊक असलेली दुखणी आहेत. ती कामे नीट झाल्याच्या पावत्या असतील तर जास्त पैसे मोजणे योग्य, नसतील तर तो खर्च अजून व्हायचाच आहे असे धरावे. २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्समध्ये, म्हणजे जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनात, इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरखाली आहेत, त्यामुळे ते बदलताना मजुरीही भारी पडते. फोर्डच्या २०११ पासूनच्या ६.७ लिटर आणि २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स इंजिनांत सीपी४ हा इंधनाचा उच्च दाबाचा पंप येतो. तो आतून झिजून फुटला, तर धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि जवळजवळ सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते. इंधनाचा फिल्टर उघडून त्यात चमकणारे कण आहेत का हे पाहण्याचा आग्रह मी याचसाठी धरतो.

डीपीएफ काढून टाकलेली गाडी काही विक्रेते ‘सुधारलेली’ म्हणून चढ्या भावाने विकतात, हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत ‘क्लीन एअर ॲक्ट’नुसार ही यंत्रणा काढणे बेकायदेशीर आहे, आणि ती पुन्हा बसवण्याचा खर्च मोठा असतो. तो सरळ किमतीतून वजा व्हायला हवा.

ट्रेलर ओढलेला असणे हा दोष नव्हे, गाडी त्यासाठीच बनलेली असते. फक्त गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे तेल वेळेवर बदलल्याची नोंद हवी. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातली गाडी असेल, तर चासी खालून पाहिल्याशिवाय भावाची बोलणी सुरूच करू नये.

तुलना करताना इंजिन, ड्राइव्ह (दोन चाकांचा की चार चाकांचा), केबिन आणि मागची चाके एकेरी की जोड, हे सारे जुळले पाहिजे. जाहिरातीतला आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते, म्हणून प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे भाव मिळाले तर तेच धरावेत आणि त्यातून पुढच्या वर्षभरात करावी लागणारी कामे वजा करावीत. ट्रेलर क्वचितच ओढणाऱ्याने त्याच वर्षाच्या पेट्रोल पिकअपचा भावही शेजारी मांडून पाहावा, कारण डिझेलसाठी मोजलेली जादा रक्कम त्याच्या वापरातून बहुधा वसूल होणार नाही.